उत्तर: मासेमारीच्या गळावर किड्यासारखी दिसणारी कृत्रिम माशी बांधायला चिमटा, रंगीत दोरे, मणी... सुरुवातीला एवढं सगळं लागतं का?

लागत नाही. वीस वस्तूंची यादी वाचून तुम्ही घाबरलात, पण सॉयर निम्फ नावाच्या माशीला दोराही लागत नाही. (निम्फ म्हणजे पाण्यात राहणारं किड्याचं पिल्लू, त्याचीच ही नक्कल.) इंग्लंडात विल्टशरच्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याने ही माशी बांधली ती दोनच वस्तूंत: फेझंट या कोंबडीच्या कुळातल्या पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तंतू आणि केसाएवढी बारीक तांब्याची तार. तार दोऱ्याचं काम करते, वजनही देते.

१४ किंवा १६ नंबरचा गळ घ्या. नेढ्यापासून वाकापर्यंत तार गुंडाळा, छातीपाशी चार वेढे जास्त, म्हणजे तिथे उंचवटा येईल. चार तंतूंची टोकं मागे तीनेक मिलिमीटर बाहेर ठेवून बांधा, ती शेपटी. मग तंतू तारेभोवती पिळून दोन्ही एकत्रच पुढे गुंडाळत न्या. नुसते गुंडाळले तर माशाच्या दातांनी लगेच तुटतात. उरलेले तंतू उंचवट्यावर मागेपुढे दुमडले की पाठ तयार. नेढ्यामागे जागा सोडा हो! माझ्या पहिल्या पाच-सहा माश्यांच्या नेढ्यात दोरीच जाईना.

पाय नाहीत म्हणून बिचकू नका. पोहताना खरी निम्फ पाय अंगाशी घेते, हे सॉयरने नदीत बघितलं होतं.

तार मी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून आणतो, भंगारातली. पीस मात्र पाळीव फेझंटचं, विकतचंच घ्या. हिमाचलात ट्राउट मासे धरायला गेलात तरी जंगलात पडलेलं उचलू नका, तिथले फेझंट संरक्षित आहेत.