कमिट्स मोजून गुण देण्याआधी

विद्यार्थ्यांच्या गट-प्रकल्पाचा कोड गिटहब या संकेतस्थळावर असेल, तर तिथल्या कमिट्स (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) मोजून प्रत्येकाचे गुण ठरवावेत, असं सुचवलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. गिट, म्हणजे हे बदल नोंदवणारं सॉफ्टवेअर, कमिटवर नाव टाकतं ते त्या लॅपटॉपवरच्या गिटच्या सेटिंगमधलं. माझ्या वर्गातला एक गट एकाच लॅपटॉपभोवती बसायचा. सगळ्या कमिट्स एकाच्या नावावर, आणि शेजारी बसून चुका शोधून देणारी मुलगी नोंदीत शून्य! तिला कमी गुण द्यायचे कसे?

मी नोंदी बघते त्या तारखांसाठी. सगळं काम सबमिशनच्या आदल्या रात्री उरकलंय का, ते लगेच कळतं. मग एखादी कमिट उघडून प्रत्येकाला विचारते, ही ओळ का बदलली? आणि हो, कमिट मेसेजच्या (बदलासोबत लिहिलेल्या टिपेच्या) शेवटी ‘को-ऑथर्ड-बाय’ (Co-authored-by:, म्हणजे सहलेखक) लिहून जोडीदाराचं नाव-ईमेल देता येतं, गिटहब दोघांनाही श्रेय देतं. हे पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवा.