मदत हवी आहे: नफा ५ कोटींवर गेला, सीएसआर (कंपनीने नफ्यातला वाटा समाजकामावर खर्च करणं) पहिल्यांदाच करायचंय

हिशेबनीस_एमआयडीसी
प्रायव्हेट लिमिटेड, दोनच संचालक. तीन वर्षांचा करपूर्व नफा ४.१, ४.७ आणि गेल्या वर्षी ५.६ कोटी. सरासरी ४.८, म्हणजे ५ कोटींच्या मर्यादेच्या आत; तरी सीएसआर सक्तीचं करणारं कंपनी कायद्याचं कलम १३५ लागतं का? लागत असेल तर शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत मुलींचं स्वच्छतागृह बांधायचा विचार आहे. गावातल्या ट्रस्टला ३१ मार्चला चेक देऊन मोकळं होता येईल? कामगारांची मुलंही तिथेच शिकतात, त्याची अडचण?

कलम१९८
लागतं. पात्रता लगतच्या मागच्या वर्षावरून ठरते. सरासरी फक्त रक्कम काढायला: ४.८ कोटींचे २ टक्के, ९.६० लाख. पण नफा-तोटा पत्रकातला आकडा तसाच उचलू नका, कलम १९८ प्रमाणे मांडा. भांडवली स्वरूपाचा नफा त्यात धरत नाहीत. गेल्या वर्षी तसं काही असेल तर कदाचित ५ कोटींखालीही याल.

मुलांची अडचण नाही. शाळा सगळ्या गावाची आहे. फक्त कामगारांच्या मुलांना वह्या वाटल्या तर तो खर्च धरला जाणार नाही.

गोदाकाठ
चेकचं विसरा. ट्रस्टला नुसते पैसे देणं म्हणजे खर्च नव्हे, ट्रस्टने ते कामावर वापरले पाहिजेत. शिवाय ट्रस्टकडे आयकराची १२ए आणि ८०जी मान्यता, तीन वर्षांचं काम आणि सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला नोंदणी क्रमांक हवा. क्रमांक नसेल तर त्यांच्यामार्फत केलेला खर्च मोजलाच जात नाही.

९.६० लाखांसाठी मध्यस्थ हवाच कशाला? आधी जिल्हा परिषदेची लेखी परवानगी घ्या, कंत्राटदाराची बिलं थेट कंपनीच्या नावे घ्या, काम झालं की इमारत हस्तांतरण पत्राने परिषदेच्या ताब्यात द्या. ती मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही.

हिशेबनीस_एमआयडीसी
आभारी आहे. परवानगीलाच मार्च उजाडेल. काम अर्धवट राहिलं तर?

कलम१९८
दोन वाटा. ३१ मार्चपूर्वी संचालक मंडळाने कारणांसह 'चालू प्रकल्प' म्हणून ठराव केला, तर उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या 'अखर्चित सीएसआर' बँक खात्यात टाकायची, मग तीन वर्षं मिळतात. ठराव नसेल तर ३० सप्टेंबरपर्यंत ती पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मधल्या निधीत भरायची. शाळा राहिली बाजूला. तेही चुकलं तर दंड थकलेल्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यांत कमी असेल तो. कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्यांचा दंड वेगळा.

पहिल्या वाटेत एक खोच आहे. सीएसआरची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर संचालकांची सीएसआर समिती लागत नाही, पण अखर्चित खात्यात रक्कम असेल तर लागते. तुमचे दोघे संचालक त्यात चालतील.

गोदाकाठ
बांधकामाच्या बिलावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेला कर आपल्या जीएसटीतून वळता करणं) सीएसआर खर्चासाठी ऑक्टोबर २०२३ पासून बंद आहे आणि आयकरात हा धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही. अंदाजपत्रक करसहित मागवा.