कॅलनिशची संधी एकाच रात्रीची नसते

स्कॉटलंडमधल्या कॅलनिशच्या प्राचीन उभ्या शिळांजवळ चंद्र क्षितिजालगत सरकताना बघायला ‘१८.६ वर्षांतून एकच रात्र मिळते, ती हुकली की थेट २०४३’ हे विधान पटलं नाही. झोपाळा टोकाला गेला की थबकतो, तसंच हे आहे. चंद्र महिन्याभरात आकाशातल्या विषुववृत्तापासून उत्तरेला-दक्षिणेला जितका दूर जातो (त्याची कमाल क्रांती), ते अंतर १८.६ वर्षांच्या चक्रात कमाल मर्यादेजवळ (सुमारे साडेअठ्ठावीस अंश) वर्षभराहून जास्त काळ जवळजवळ तेवढंच राहतं आणि दर २७.३ दिवसांनी तो दक्षिण टोकाला परत येतो. लुईस बेटावरच्या कॅलनिशच्या शिळांजवळ तो तेव्हा जेमतेम दोन-तीन अंश वर चढतो, डोंगरांना घासूनच जातो. अडचण कलेची: त्या टोकाला पौर्णिमा फक्त जूनच्या आसपास येते, आणि तिथे तेव्हा रात्र नीट काळोखीच होत नाही. मार्चमधला पहाटेचा अर्धा चंद्र मला म्हणूनच जास्त मोलाचा वाटतो.

उत्तर टोक मात्र आपल्या गच्चीवरूनही कळतं. डिसेंबर २०२४च्या पौर्णिमेला पुण्यात मी मध्यरात्रीनंतर एक मीटरची काठी उभी धरली होती. चंद्र डोक्याच्या उत्तरेला दहा अंश, आणि सावली दक्षिणेकडे, वीतभराहून थोडी कमी. सूर्य इथे इतका उत्तरेला कधीच जात नाही. ती सावली बघताना अंगावर काटा आला.