एक्झिमा असलेल्या बाळाची आंघोळ कशी घालावी? साबण, तेल, क्रीम आणि मालिशवाल्या मावशी

मुलुंडची_माऊ
नमस्कार मंडळी. मुलगा पाच महिन्यांचा आहे. दोन्ही गाल लाल आणि खरखरीत, पोटऱ्यांच्या बाहेरच्या बाजूला आणि मनगटांवर तसेच चट्टे. रात्रभर गादीवर गाल घासतो, त्यामुळे त्याला झोप नाही आणि आम्हालाही नाही. डॉक्टरांनी एक्झिमा सांगितलाय. सौम्य स्टिरॉइड क्रीम थोडे दिवस लावायला दिलंय आणि "आंघोळ हलक्या हाताने घाला, मॉइश्चरायझर भरपूर लावा" म्हणून पुढचा पेशंट आत घेतला.

आता हलक्या हाताने म्हणजे कसं, यावर घरात तीन पक्ष आहेत. सासूबाई म्हणतात साबण नकोच, डाळीचं पीठ आणि साय लावा. मावशी पायांवर घेऊन कढत पाण्याने रगडतात आणि वर ओव्याची धुरी देतात. नवऱ्याचं म्हणणं, आठवड्यातून दोनदाच आंघोळ घालायची.

रोज घालावी का? कशाने? तेल लावावं का आणि कुठलं? उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतात, त्या पाण्याचा संबंध असेल का? आणि मुंबईत दाखवावं कुठे? कृपा करून व्हॉट्सॲपवरचे रामबाण उपाय नकोत, तो साठा घरात पुरेसा आहे.

बोरिवलीकर_बाबा
आमच्या लेकीला चौथ्या महिन्यापासून होता, आता शाळेत जाते. तेव्हा विस्ताराने लिहितो.

रोज की दिवसाआड, यावर डॉक्टरांचंही एकमत नसतं. पण मुंबईत घाम इतका की तो अंगावर वाळला तरी खाज सुटते. म्हणून आम्ही रोज घालायचो, फक्त पाच ते दहा मिनिटं. पाणी कोमट, म्हणजे कोपर बुडवल्यावर ना गरम लागेल ना गार. कढत पाण्याने त्वचेवरचा तेलकट थर निघून जातो. या मुलांमध्ये तो थर मुळातच विरळ असतो, म्हणून पाणी आतून लवकर उडतं आणि बाहेरचं काहीही लवकर झोंबतं.

साधा साबण बंद. 'बेबी' लिहिलेला असला तरी नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो, पीएच ९-१० च्या घरात, आणि त्वचा साधारण ५ ते ६ च्या आसपास. त्याऐवजी सिंडेट बार (साबणाच्या वडीसारखाच दिसतो, पण त्यात साबण नसतो) किंवा साबणविरहित क्लेन्झर घ्या. तोही सगळीकडे चोळायची गरज नाही. मानेच्या वळ्या, काखा, जांघा, लंगोटाची जागा, बस. बाकी अंगावरून नुसतं पाणी. पंचा, ब्रश, जाळी काही नको, आपला तळहात पुरे. पाण्यात अँटिसेप्टिकचं झाकण ओतायची सवय कित्येक घरांत असते, ती पहिली सोडा.

आंघोळीनंतर पुसायचं नाही, मऊ सुती कापडाने टिपायचं. अंग ओलसर असतानाच, साधारण तीन मिनिटांच्या आत, क्रीम लागलं पाहिजे. म्हणून डबा आधीच उघडून बाथरूमच्या दाराशी ठेवायचा. आमचा अर्धा फरक तेवढ्यानेच पडला. चोळायचं नाही, केसांच्या दिशेने खाली ओढायचं, त्वचा चकाकताना दिसली पाहिजे. दिवसातून आणखी एकदोनदा तरी लावायचं. पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर फार कमी लागतंय. मोठा डबा घेतलात तर बोटं न घालता स्वच्छ चमच्याने काढा.

निशिगंध
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. क्रीम घेताना पुढचं बाळाचं चित्र बघू नका, मागची यादी वाचा. परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स दिसलं की परत ठेवा. 'नॅचरल' म्हणून लॅव्हेंडर-बदाम-केशर घातलेलीही नकोत. टाल्कम पावडर तर अजिबात नको, त्वचा कोरडी करते आणि श्वासातून छातीत जाते.

गिरगावची_आजी
मी स्वतः आजी आहे, तेव्हा सासूबाईंची बाजू घेऊनच बोलते. डाळीचं पीठ आमच्या वेळी होतं, माझ्याही मुलांना लावलं. पण ती कातडी धड होती. तुमच्या बाळाच्या गालाला भेगा आहेत. नातवाच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं की फुटलेल्या कातडीतून खाण्याचे पदार्थ आत गेले तर पुढे त्याच पदार्थाची ॲलर्जी व्हायचा धोका असतो. म्हणून बेसन, मसूर, साय, दूध, कणकेची लोई, काही अंगाला लावायचं नाही. पोटात जायला वेळ आहे, तेव्हा जाऊ दे. हे असं सांगितलं तर सासूबाईंना पटेल. "तुमचं जुनं आहे" म्हटलंत तर नाही पटायचं.

मालिश मात्र बंद करू नका. बाळाला स्पर्श हवाच. तेलाऐवजी तेच क्रीम घेऊन मावशींना हलका हात फिरवायला सांगा. लालभडक, ओलसर चट्ट्यांवर हात नको.

धुरी बंद. मी स्वतः बंद केली. ओवा असो की लसणीची सालं, धूर तो धूरच. शिवाय क्रीम आणि व्हॅसलीन मुरलेली दुपटी पटकन पेट घेतात. निखारे, उदबत्ती, औक्षणाचं तबक, सगळं बाळापासून लांब.

कांदिवलीची_सई
तेल लावायचंच असेल तर खोबरेल. फिलिपीन्समध्ये मुलांवर केलेला, २०१४ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे. त्यात सौम्य ते मध्यम एक्झिमाला व्हर्जिन खोबरेल हे मिनरल तेलापेक्षा सरस ठरलं. ऑलिव्ह तेल महाग म्हणून चांगलं असेल असं वाटतं, पण त्याने त्वचेचा वरचा थर कमकुवत होतो असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. मोहरीचं तेल नकोच, झोंबतं. तरीही नुसतं तेल क्रीमची जागा घेत नाही. आंघोळीच्या आधी तेल चोपडून मग ते काढायला साबण लावणं म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

सह्याद्री_७७
आमच्या गावाकडे कडुलिंबाच्या पाण्याने आणि शेळीच्या दुधाने सगळं बरं होतं. केमिकल कशाला लावायचं?

निशिगंध
@सह्याद्री_७७, दुधाचं आजींनी वर सांगितलंच आहे. कडुलिंबाचा काढाही फुटलेल्या कातडीला चुरचुरतो. आणि धागाकर्तीने रामबाण नको असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय :)

फार्मसीवाला_दादर
दुकानात रोज बघतो म्हणून लिहितो. डॉक्टरांनी दिलेल्या सौम्य स्टिरॉइडला घाबरू नका. सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावा. पण "मागच्या वेळी काकांना दिलेली ट्यूब द्या, लगेच गोरी होते त्वचा" असं म्हणणारे लोक येतात. त्या ट्यूबमध्ये बहुतेकदा कडक स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. ते बाळाच्या गालाला लावायचं नाही, म्हणजे नाही. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी कोपऱ्यावर मिळतात. मोठ्या माणसांतही त्याने कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात.

किती लावायचं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून निघालेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. मोठ्यांच्या दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते. स्टिरॉइड आणि मॉइश्चरायझर एकावर एक लगेच लावू नका, मध्ये थोडा वेळ जाऊ द्या. नाहीतर औषध पातळ होऊन नको तिथे पसरतं.

खाजेचं गुंगी आणणारं सिरप आपल्या मनाने देऊ नका. एवढ्या लहान बाळाला तर नाहीच.

मुलुंडची_माऊ
किती छान माहिती मिळतेय. आजी, तुमचा खाण्याचा मुद्दा सासूबाईंना वाचून दाखवला. "हं" म्हणाल्या. आमच्याकडे हा होकार समजतात.

व्हॅसलीन चालेल का? स्वस्त आहे. आणि हे घामोळं तर नाही ना, असं शेजारच्या काकू विचारतात. एसी लावावा की नको?

बोरिवलीकर_बाबा
घामोळं बारीक पुळ्यांचं असतं. मान, पाठ, वळ्यांमध्ये येतं आणि गारव्याने दोनतीन दिवसांत बसतं. एक्झिमा कोरडा, पापुद्र्यांचा, पुन्हापुन्हा त्याच जागी येणारा. या वयात गाल आणि हातापायांची बाहेरची बाजू, लंगोटाखालची जागा बहुधा सुटते. घरात बाकीच्यांनाही रात्री खाज असेल, बाळाच्या तळहात-तळपायांवर पुळ्या असतील तर खरूज नाही ना ते मात्र डॉक्टरांना विचारा.

व्हॅसलीन उत्तम, पण डिसेंबर-जानेवारीत. मे महिन्यात अंगभर थापलंत तर घाम आत कोंडतो आणि खरंच घामोळं येतं. उन्हाळ्यात अंगाला पातळ क्रीम आणि व्हॅसलीन फक्त तोंडाभोवती, दूध पाजायच्या आधी. लाळ आणि दुधाने हनुवटी सोलते ती थांबते.

एसी जरूर लावा, २५-२६ वर, झोत अंगावर नको. पावसाळ्यात कपडे दोरीवर तीन दिवस कुबट होतात, ते तसेच घालू नका, इस्त्री फिरवून गार करून घाला. झबली सुती, डिटर्जंट कमी, एक खळबळणं जास्त. मनगटातला काळा दोरा ओला राहतो आणि वाळे घासतात, दोन्ही काढून ठेवा.

ठाणेकर_इंजिनिअर
टँकरबद्दल. पालिकेचं पाणी तलावांतलं, तानसा-भातसा-वैतरणाचं. टँकरचं बोअरवेलचं असेल तर जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असू शकतं. जड पाण्याच्या भागात एक्झिमा जास्त दिसतो हे खरं. पण इंग्लंडमध्ये ३३६ मुलांच्या घरी पाण्यातले क्षार कमी करणारं सॉफ्टनर यंत्र बसवून पाहिलं (२०११ मध्ये छापून आलं), एक्झिमात फरक पडला नाही. तेव्हा कुणी यंत्र विकायला आला तर पैसे वाचवा आणि क्रीमला घाला. शेवटचे दोन तांबे पिंपातल्या पालिकेच्या पाण्याचे ओतलेत तरी चालेल. बादलीत टाकायच्या बाथ ऑइलचंही तसंच, २०१८ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत त्याचा वेगळा उपयोग दिसला नाही. वर बाळ हातातून निसटतं.

परळची_सिस्टर
दाखवायचं असेल तर केईएम, सायन, नायर, तिन्ही ठिकाणी त्वचारोगाची ओपीडी आहे. वाडिया लहान मुलांचंच आहे. सकाळी लवकर जा, बाळाचं दूध आणि जास्तीचं दुपटं बरोबर घ्या, आतापर्यंत लावलेली सगळी मलमं पिशवीत घालून न्या. नावं आठवत बसण्यापेक्षा ते बरं. चट्टे भडकलेले असताना फोटो काढून ठेवा. ओपीडीत पोचेपर्यंत नेमकी कातडी छान दिसते.

या गोष्टींना थांबायचं नाही: चट्ट्यांतून पाणी किंवा पू, मधासारखी पिवळी खपली, ताप. आणि एकसारख्या छोट्या पाणीदार फोडांचा घोळका अचानक उठला, फोड फुटून खळगे पडले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, कॅज्युअल्टीत न्या. तो हर्पिसचा संसर्ग असू शकतो. ओठाला 'ताप फुटलेल्या' पाहुण्यांना बाळाची पापी घेऊ देऊ नका, कितीही जवळचे असोत.

लसी वेळेवर द्या. आणि आईने स्वतःच्या जेवणातून दूध, अंडं, वांगं, आंबट असं एकेक काढत जाऊ नये. डॉक्टरांनी ॲलर्जी पाहून सांगितलं तरच.

मुलुंडची_माऊ
सगळ्यांचे मनापासून आभार. मावशींना म्हटलं, पैसे तेवढेच, वेळ निम्मा, फक्त पाणी माझ्या कोपराला विचारून घ्यायचं. त्या हसल्या आणि तयार झाल्या. धुरीवरून मात्र अजून नाराज आहेत.

शेवटचा प्रश्न: पुढच्या महिन्यात उष्टावण आहे. एक्झिमा आहे म्हणून अंडं, शेंगदाणा वर्षभर थांबवावं असं नणंद म्हणतेय.

परळची_सिस्टर
थांबवू नका, उलट उशीर करणंच बरं नाही. लंडनमध्ये गंभीर एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ४ ते ११ महिन्यांच्या बाळांवर अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. ज्यांना शेंगदाणा लवकर सुरू केला त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी कितीतरी कमी दिसली. तुमच्या बाळाचा एक्झिमा जोरात असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला, कधीकधी ते आधी तपासणी करायला सांगतात. अख्खा दाणा कधीच नाही, बारीक कूट पातळ करून, एका वेळी एकच नवा पदार्थ, आणि सकाळी द्या, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं.

उष्टावणाला खीर तोंडभर माखणारच, आधी हनुवटीला व्हॅसलीन लावा. जरीचं झबलं फोटोपुरतं, आतून सुती बंडी घालून.