फोन कपाटात ठेवून नैराश्य जात नाही

दहावीची आई: काल एकाने लिहिलं, ‘मोबाइल काढून घ्या, पोरांचं नैराश्य आपोआप पळेल. मोहित्यांचे वडगाव बघा.’ वाचून रात्रभर तळमळले. सांगली जिल्ह्यातल्या त्या गावात २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. पण मोठ्यांचेसुद्धा! आणि ते सुरू झालं अभ्यासासाठी. मी लेकीचा फोन कुलपात ठेवला, तर ती तीन आठवडे धड जेवली नाही. वर्गातल्या मुली तिला वाळीत टाकत होत्या, हे नंतर समुपदेशकाकडे कळलं. एकच मैत्रीण बोलायची, तीही फोनवर. ती वाट मीच बंद केली होती.

सातारकर बाबा: वाईट वाटलं. पण तुमच्या एका घरावरून सगळ्यांचं ठरवू नका. माझा मुलगा रात्री दोनपर्यंत रील बघायचा, सकाळी सहाच्या क्लासला डोळे लाल. रात्री दहाला फोन आमच्या खोलीत ठेवायला लागलो, पंधरा दिवसांत माणसात आला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांची समाजमाध्यमांवरची खाती बंद केली, ती काय उगाच?

निशाचर: ऑर्बेन आणि प्शिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांवर किशोरांची माहिती तपासली. मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्क्याचा संबंध स्क्रीनशी लागला. आणि सकाळी सहाचा क्लास? पाचला उठवता, मग झोपेचं खापर एकट्या मोबाइलवर का?

सातारकर बाबा: टक्के तुमच्याजवळ ठेवा, पोरगा माझ्या डोळ्यांसमोर होता. क्लास नको तर नीटला बसवू कसा? खाजगी कॉलेजची फी तुम्ही भरणार?

गणिताच्या बाई: क्लासवरून भांडताय, शाळेचं कोण बोलणार? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये फोन मुलांच्या हातात आम्हीच दिला. शाळा उघडल्या, तरी आठवीचा गृहपाठ अजून रात्री नऊला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो. वहीत लिहून द्या म्हणून मी दोनदा बैठकीत बोलले. पालकांनीच विरोध केला, त्यांना ग्रुप सोयीचा पडतो!

सातारकर बाबा: आता पालकांवर घसरू नका. दिवसभर राबून आल्यावर वह्या कोण तपासणार?

निशाचर: म्हणजे पोरांनी नऊला फोन बघायचा आणि दहाला सोडायचा.

दहावीची आई: बाबा, झोपेचं तुमचं पटतंय, पटवून घ्यायचं नव्हतं तरी. आमच्याकडेही दहानंतर फोन बाहेरच्या खोलीत असतो. माझासुद्धा.

सातारकर बाबा: माझा उशाशी असतो. त्यावरून मुलगा रोज बोलतो मला.