अंगणवाडी बंद करून पैसे वाटा? आधी हे वाचा

बोरकूट:
कालच्या धाग्यात एका शहाण्याने लिहिलंय, "अंगणवाड्या बंद करा, तेवढे पैसे आईच्या खात्यात टाका. नर्सरी ती निवडेल." उत्तर तिथे मावेना, म्हणून इथे. मेळघाटातल्या ढाण्यावरची (छोट्या पाड्यावरची) आई ते पैसे घेऊन कुठल्या नर्सरीत जाणार? माझी आई अठ्ठावीस वर्षं सेविका होती. लसीकरण, वजनं, गरोदर बायकांच्या घरी फेऱ्या, हे सगळं तुमची नर्सरी करणार का?

मधली_सुट्टी:
तो शहाणा मीच. ढाण्याचं ठीक, पण आमच्या तालुक्याच्या गावाचं काय? पोराला दोन महिने अंगणवाडीत पाठवला. बाई निम्मा वेळ अंगणात मोबाईल वर धरून रेंज शोधायच्या. पोरं खिचडी खाऊन घरी. शेवटी हजार रुपये महिन्याने नर्सरीत घातला.

बोरकूट:
मोबाईल कशाला धरलाय, विचारलंत कधी? पोषण ट्रॅकर, सरकारचं नोंदी भरायचं ॲप! परवा वहिनी टीएचआर, म्हणजे घरी न्यायचं पोषण आहाराचं पाकीट, आणायला गेली. ॲपमध्ये आधी चेहरा जुळवायचा. "डोळे मिचकाव, परत मिचकाव, पदर मागे घे." चेहरा जुळेना. कडेवरचं पोर रडून झोपलं. आणि या कामाला पगार नाही, 'मानधन'. ग्रॅच्युइटीसाठीसुद्धा 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगावं लागलं.

हळदकुंड:
टीएचआरचं नाव काढू नका. ते पाकीट आमच्याकडे म्हशीला घालतात, आणि तीही आधी हुंगून बघते.

कोपऱ्यावरची_काकू:
भाजून घ्यायचं हो. तुपावर खमंग भाजून गुळाच्या पाकात वड्या थापते मी. नातू मागून खातो.

हळदकुंड:
तूप घरचं, गूळ घरचा, मेहनत तुमची. मग सरकारचं काय, पिशवी?

मधली_सुट्टी:
बघा, माझंच म्हणणं सिद्ध झालं. पैसे द्या, बाई अंडी आणेल.

तिखट_मीठ:
किंवा नवरा क्वार्टर आणेल. आमच्या वाडीत बघितलंय.

मधली_सुट्टी:
म्हणजे गरिबाच्या हातात पैसाच नको? वा!

पाटीपेन्सिल:
भांडा निवांत. मी नर्सरीत शिकवते, दुकानाच्या गाळ्यात भरणाऱ्या. साडेतीन वर्षांच्या पोराकडून दुरेघी वहीत अक्षरं गिरवून घेते, कारण पालकांना वही भरलेली दिसायला हवी. बोटं दुखतात म्हणून एक पोरगी पेन्सिल मुठीत धरते. नव्या शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वयाला खेळातून शिकवा म्हटलंय. माझ्या संस्थाचालकांना सांगून बघा. बालवाड्या उभ्या करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 मध्ये बोर्डीत पोरं येईनात तर स्वतः त्यांच्या अंगणात गेल्या होत्या.

मधली_सुट्टी:
आल्या ताराबाई! आता साने गुरुजीही येऊ द्या.

पाटीपेन्सिल:
येतील. तोवर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 11 वाचा. हक्क 6 ते 14 वयाला. 3 ते 6 च्या मुलांसाठी शासन व्यवस्था 'करू शकेल', 'करील' नाही. तुम्ही अंगणवाडी बंद केलीत तर कोर्टात काय दाखवणार, नर्सरीची पावती?

मधली_सुट्टी:
बरं बाई. बंद करू नका. पण आधी सेविकेच्या हातातला तो मोबाईल काढा. आणि माझा पोरगा काही परत तिथे जाणार नाही.

बोरकूट:
नका पाठवू. पत्रा गळतोय, तशीही जागा नाही.

हळदकुंड:
काकू, पाक एकतारी की दोनतारी?