आजोबा ७१ ला विक्रांतवर होते, मग पत्रांवर पत्ता मुंबईचा कसा?

लालबागची_नात:
मंडळी, माझे आजोबा ७१ च्या लढाईत विक्रांत या विमानवाहू जहाजावर स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे, होते. आजीच्या ट्रंकेत त्यांची इनलँड पत्रं मिळाली, सगळ्यांवर फ्लीट मेल ऑफिस, बॉम्बे. म्हणजे जहाज इथेच होतं का? आणि लढाईबद्दल चकार शब्द नाही, नुसता उकाडा, घामोळं आणि 'आंघोळीला पाणी नाही'. चहूकडे समुद्र असून पाण्याची बोंब??

नेव्हीवाला_नेरूळ:
ताई, जहाज कुठेही असो, पत्ता फ्लीट मेलचाच, म्हणजे नौदलाच्या टपाल कार्यालयाचा. विक्रांत तेव्हा बंगालच्या उपसागरात होती. आधी अंदमानला लपवलेली, आणि इकडे विशाखापट्टणमजवळ राजपूत ही विनाशिका आपणच विक्रांत असल्यासारखे सिग्नल सोडत होती, कारण पाकिस्तानची गाझी पाणबुडी विक्रांतच्याच मागावर. मग ठावठिकाणा कोण लिहू देणार? ४ डिसेंबरला विक्रांतच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला.
पाण्याचं म्हणाल तर खारं पाणी बॉयलरला चालत नाही, ट्यूबा खाऊन टाकतं. समुद्राचं पाणी जहाजावरच उकळून गोडं करायचं आणि त्यावर पहिला हक्क बॉयलरचा. त्यात विक्रांतचं कॅटापुल्ट, म्हणजे विमानाला उडताना झटका देणारं यंत्र, वाफेवर, प्रत्येक विमानामागे वाफ गेली ती गेलीच, तिचं परत पाणी होत नाही, म्हणजे विमानं जोरात उडतायत तेव्हा पाण्याची सगळ्यात जास्त मारामार.

शिवडीचा_बाळ्या:
अहो पण चारातल्या एका बॉयलरला तडा गेलेला, ते राहिलंच की! त्यामुळे स्पीडही कमी ठेवावा लागायचा. आणि असल्या जहाजात स्टोकर म्हणजे खाली पोटात, ॲक्शन स्टेशनचा, म्हणजे लढाईला तयार व्हायचा, इशारा वाजला की वरची झाकणं घट्ट बंद, समोर प्रेशरचा काटा आणि कानठळ्या बसवणारा आवाज. वर विमान गेलं का आलं काही कळायचं नाही. आजोबांनी लढाई डोळ्यांनी बघितलीच नसेल हो, लिहिणार काय? मला तर घामोळंच खरं वाटतं.

गिरगावची_काकू:
आम्ही लहान होतो, ब्लॅकआउट, खिडक्यांना काळा कागद. ९ डिसेंबरला दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. नेव्हीत माणूस असलेल्या घरांत पोस्टमनची काय वाट बघायचे! तुझ्या आजीला विचार गं, हयात असेल तर.

लालबागची_नात:
आजी आहे, ऐकायला कमी येतं पण विचारते. त्यांचे सर्व्हिसचे कागद कुठे मिळतील?

नेव्हीवाला_नेरूळ:
मानखुर्दला चीता कॅम्पला ब्युरो ऑफ सेलर्स हे नौसैनिकांच्या नोंदींचं ऑफिस आहे, तिथे अर्ज करा. पेन्शनच्या कागदावर त्यांचा ऑफिशियल नंबर असेल तो लिहा, नुसत्या नावावर शोधत बसणार नाहीत.